मारणारी एक, सोडवणारे दहा

जुन्या नाशकातल्या वाड्यांत वाढलेल्या आमच्या पिढीला एक हिशेब फार लवकर जमायला लागायचा. खोडी काढण्याआधी मार कोण देईल याचा विचार करण्यात अर्थ नसे. तो कुणीही देई. विचार करायचा तो सोडवायला कोण घरात आहे याचा. आजी काळ्या रामाच्या दर्शनाला पंचवटीत गेलीय, मोठी काकू धुणं घेऊन गंगेवर गेलीय आणि आत्या शाळेत आहे, अशा मुहूर्तावर लाडवाच्या डब्यात हात घालणारा पोरगा आमच्यात बिनडोक समजला जाई.

वाडा तिवंध्याच्या अंगाला. मधे चौक, चौकात आड, सभोवार ओसरी, वर माडी, मागच्या बाजूला दोन भाडेकरू बिऱ्हाडं. साठ-सत्तरच्या दशकांत त्या एका दिंडीदरवाजाआड सख्खी, चुलत, सुट्टीत येणारी आते-मामे आणि भाडेकरूंची मिळून डझन-दीड डझन पोरं नांदत होती. आज आम्ही सगळे साठीच्या अलीकडे-पलीकडे आहोत. कुणी गंगापूर रोडला, कुणी इंदिरानगरला, दोघं पुण्यात, एक न्यू जर्सीत. लग्नामुंजीत जमलो की तासाभरात गाडी एकाच रुळावर येते: कोणी कुणाच्या हातचा किती मार खाल्ला. यात आकडे दर वर्षी वाढतात. जो कधीच सापडायचा नाही तोही आता छाती पुढे काढून वळांची वर्णनं करतो. पुढे जे लिहिलंय ते या बैठकांतून जमलेलं आहे, त्यामुळे 'मी' कमी आणि 'आम्ही' जास्त. काही ठिकाणी आमचं एकमत झालेलं नाही, तेही तसंच ठेवलंय.

मारालाही पायऱ्या होत्या. सगळ्यात खाली डोळे वटारणं. आबांना, म्हणजे आजोबांना, तेवढं पुरे. त्यांना हात उचलताना आमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही. 'गांवकरी'चं पान खाली आलं आणि चष्म्यावरून दोन डोळे दिसले, की चौकातला दंगा आपोआप आडापलीकडे सरके. त्याच्या वर चिमटा. हा लग्नकार्यात, चारचौघांत, पदराआडून आणि तोंडावरचं हसू न मोडता घेतला जाई. मग चापट, धपाटा, रट्टा. धपाटा बायकांचा, पाठीत, मोठ्या आवाजाचा आणि आवाजाच्या मानाने न लागणारा. पोळ्या लाटता लाटता घातलेल्या धपाट्याचा पिठाचा पंजा सदऱ्यावर उमटे; तो न झटकता शाळेत गेलं तर घरी काय झालं ते सगळ्या वर्गाला न सांगता कळे. रट्टा काकालोकांचा. त्याही पलीकडे फुंकणी, लाटणं, पट्टी, फोक ही हत्यारं. ती बहुतेक दाखवण्यापुरती. मधला काका 'चौदावं रत्न दाखवू का?' असं विचारायचा. आधीची तेरा कोणती, असं एका भावाने उलट विचारलं, तेव्हा त्याला चौदावं मिळालं आणि वर तेरांची यादी पाठ करावी लागली. ती त्याला अजून येते.

नवल वाटतं ते नियमांचं. मुलांना नियम होते तसे मारणाऱ्यांनाही होते, आणि तेच जास्त कडक होते. तिन्हीसांजेला मूल रडवायचं नाही. लक्ष्मी घरात यायची वेळ. पानावर बसलेल्यावर हात टाकायचा नाही. डोक्यात, कानावर, पोटात मारायचं नाही; पाठ आणि पोटऱ्या एवढीच मोकळी जागा. तापातून उठलेल्याला पंधरवडाभर माफी. सणावारी नाही, पाहुण्यांदेखत नाही, झोपलेल्याला उठवून नाही. आणि एका गुन्ह्याला दोघांनी मारायचं नाही. हा शेवटचा नियम खास आजीचा. आईचा धपाटा खाऊन झालेल्या पोरावर संध्याकाळी काकाने त्याच कारणासाठी हात उगारला, की आजी माजघरातून म्हणायची, "त्याचं झालंय आज." की संपलं. काका पुढे दहा मिनिटं ओसरीवर स्वतःशीच पुटपुटत फेऱ्या मारायचा, पण हात खाली.

या नियमांचा आम्ही जो फायदा उठवला त्याची तोड नाही. आमचा दादा एकदा काकाच्या हातून निसटून थेट स्वयंपाकघरात घुसला, पाट मांडला आणि रिकामं ताट ओढून बसला. काका पट्टी घेऊन उंबऱ्यात. मोठ्या काकूने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा दादाकडे, आणि मुकाट्याने पोळी वाढली. दादा त्या दिवशी दुपारी साडेतीनला दुसऱ्यांदा जेवला, आणि काका कंटाळून जाईपर्यंत जेवतच राहिला.

बाबा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. नोटा, स्टॅम्पपेपर आणि पोस्टाची तिकिटं छापणाऱ्या त्या दोन कारखान्यांवर तेव्हा अर्ध्या गावाचा संसार चालायचा, आणि त्यामुळे अर्ध्या गावातली शिस्त पाळ्यांवर चालायची. "येऊ दे त्यांना, मग बघ" ही धमकी पहिल्या पाळीत खरी असे. दुसरी पाळी असली की बाबांची सायकल रात्री उशिरा दिंडीतून आत येई, तेव्हा आरोपी गाढ झोपलेला (किंवा तसं दाखवणारा), आणि सकाळी आम्ही शाळेला निघताना बाबा झोपलेले. दोन-तीन दिवसांनी गाठ पडेपर्यंत गुन्हा काय होता हे आईच्याही लक्षात नसे. धाकट्या बहिणीने पाळ्यांचं वेळापत्रक पाठ केलं होतं. मोठ्या उपद्व्यापांच्या तारखा ती त्यावरून ठरवून द्यायची. चुकीनंतर शिक्षेला उशीर झाला की तिचा उपयोग राहत नाही, असं पुढे पालकत्वावरच्या पुस्तकांत वाचायला मिळालं. आईने ते वाचलेलं नव्हतं, पण काही वर्षांतच तिने बाबांच्या नावाने धमकावणं सोडलं आणि जिथल्या तिथे स्वतःच उरकायला लागली. बाबांनाही ते बरंच वाटलं असावं. आठ तास यंत्रापुढे उभं राहून, पुढे सायकल हाणत घरी आलेल्या माणसाला आल्या आल्या फौजदारकी नको असते.

धमक्यांची नाशिकची म्हणून एक खास जात होती. इतर गावांत बागुलबुवा असतो. आमच्याकडे साधू असत, आणि खरे असत. १९६८च्या सिंहस्थात पंचवटी जटा-भस्माने भरून गेली, तेव्हा "साधूला देऊन टाकीन" हे वाक्य घराघरांतून रोज ऐकू यायचं. दादा तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. त्याच्यावर परिणाम उलटा झाला: शाळा नाही, आंघोळीला रामकुंड, दोन वेळा पंगत आणि वर लोक पाया पडतात, हे पाहून तो स्वतःच एका आखाड्याच्या तंबूशी जाऊन बसला. तिथल्या एका वृद्ध साधूने त्याला पुऱ्या खाऊ घालून, हात धरून घरी आणून सोडलं. आजीने त्या साधूला शिधा दिला, नमस्कार केला, आणि त्या दिवसापासून वाड्यात ती धमकी बंद. १९८०च्या सिंहस्थात पुढच्या पिढीला ती पुन्हा मिळाली, पण तोवर आजी राहिली नव्हती.

गंगा मात्र धमकीचा विषय नव्हती. ती खरी भीती होती. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि तिच्यात पोहायला न शिकलेला मुलगा बावळट, शिकण्यासाठी न विचारता गेलेला मुलगा गुन्हेगार, अशी आमची दुहेरी पंचाईत. गेलो नाही असं कितीही शपथेवर सांगितलं तरी आईकडे परीक्षा होती: हात पुढे करायला लावून मनगटापासून कोपरापर्यंत नखाने एक रेघ ओढायची. नदीत बराच वेळ डुंबलेल्या कातडीवर पांढरीफेक रेघ उमटते. त्यावर आम्ही खोबरेल तेल लावून येण्याचा उपाय काढला, तर तिने हाताचा वास घेतला.

१९६९च्या महापुरात गंगा गावात शिरली. नाशकात पुराची उंची फुटांत कुणी सांगत नाही. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते सांगतात. गुडघ्याला लागलं म्हणजे नेहमीचं, कमरेला लागलं की बाजारपेठ आवराआवर करते. त्या दिवशी मारुती दिसेनासा झालाय असं कुणीतरी ओरडत गेलं आणि दादा दोन धाकट्यांना घेऊन सटकला. होळकर पुलाकडे जाणारी गर्दी, दोर, हाकाटी, वाहून जाणारी लाकडं, हे सगळं पाहत तिघं दिवेलागणीपर्यंत बाहेर. घरी तोवर बायका गल्लीच्या तोंडाशी उभ्या. तिघं ओलेचिंब दिंडीतून आत आले आणि आईने सगळे नियम मोडले. तिन्हीसांजेला, भाडेकरूंदेखत, डोक्यात, कानावर, जिथे हात पडेल तिथे. मारताना ती स्वतःच रडत होती. आजी उठली नाही. बराच वेळ बसून राहिली, मग येऊन तिने आईचा हात धरला आणि "बास" म्हणाली. तिघांना कोरडे कपडे घातले, ऊन ऊन मऊभात दिला, मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढली. मग आईलाही पाटावर बसवून तिच्यावरून त्याच मीठमोहऱ्या उतरवल्या.

तो आमच्या घरातला सगळ्यात मोठा मार. गंमत अशी, की त्याबद्दल तिघांपैकी कुणाच्या मनात आजवर कसलीही अढी नाही. उलट लोणच्याची बरणी न फोडता तिच्यासाठी एक साधी चापट खाल्लेला आमचा चुलतभाऊ पंचावन्न वर्षांनंतरही विषय निघाला की ताठ बसतो. बरणी कुणी फोडली हे तेव्हा आम्हा सर्वांना माहीत होतं, त्यालाही होतं, आणि चापट घालणाऱ्या काकूला दुसऱ्या दिवशी कळलं. तिने त्याच्या हातावर साखर ठेवली. "चुकलं" असं म्हणाली नाही. तेव्हा मोठी माणसं ते म्हणत नसत. तो म्हणतो, साखर मी आडात टाकली होती.

आता थोडं पुस्तकाचं. मुलाला वळण लावणाऱ्या आईवरचं मराठीतलं सगळ्यात प्रसिद्ध पुस्तक आमच्याच गावात लिहिलं गेलं, आणि तेही तुरुंगात. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या कारागृहात जेमतेम चार-पाच दिवसांत लिहून काढली. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट काढला आणि पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं. आमच्या आयांनी तो लग्नाआधी किंवा नव्या नवलाईत पाहिलेला; आम्हाला तो शाळेने रांगेत नेऊन दाखवला. पदर आणि रुमाल ओले झाले, पण दोन्ही पिढ्यांनी त्यातून नेमकं आपल्या सोयीचं उचललं. पोहायला घाबरून दडून बसलेल्या श्यामला आई मारत मारत बाहेर काढते, हे आईलोकांच्या लक्षात राहिलं. त्यानंतर रुसलेल्या श्यामजवळ बसून तीच त्याची समजूत घालते, का मारलं ते त्याला सांगते, हे आमच्या लक्षात राहिलं. आणि पोरांच्या तोंडी सगळ्यात जास्त काय बसलं, तर त्याच चित्रपटातलं छडीचं गाणं! छडी खाऊन आलेली मुलं तेच गाणं चालीवर म्हणत घरी यायची. मायेच्या सिनेमातून महाराष्ट्राने छडी उचलावी, याची गुरुजींना काय गंमत वाटली असती कोण जाणे. ते १९५०लाच गेले होते.

आईची बाजू घ्यायची तर तिला समजूत घालायला वेळ नव्हता. बारा माणसांचा स्वयंपाक, धुणं, आडाचं पाणी, सणवार, सोवळंओवळं. तिच्या वाट्याचं मारणं तिने केलं. समजुतीचं खातं आपोआप दुसऱ्यांकडे गेलं. काकू मेतकूट-भात घेऊन माडीवर जायची, कारण रुसलेली मुलं माडीवरच जात. मागच्या बिऱ्हाडातल्या वहिनी, ज्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नसे, त्या चौकातून ओरडून विचारायच्या, "काय हो, आज कुणाचा नंबर?" आणि तेवढ्या हसण्यात अर्धा राग विरे. आबा काहीच न बोलता संध्याकाळी फिरायला निघताना त्याच मुलाला सोबत घेत. रविवार कारंजापर्यंत जाऊन परत. वाटेत उपदेश नाही, फार तर गरम जिलबी. संस्कृतातलं ते सुभाषित आबांना पाठ होतं, पाच वर्षं लाड, पुढची दहा मार आणि सोळाव्यापासून मित्र असं सांगणारं. त्यावर आजी म्हणायची, "ज्याने लिहिलं त्याच्या घरात एकच पोर असणार. माझ्या घरात तिन्ही वयांची एकदम आहेत." तिचं खरं होतं, आणि म्हणूनच आमच्याकडे लाड, मार आणि मैत्री ही तीन खाती तीन वेगळ्या माणसांकडे एकाच वेळी चालू राहायची.

आत्या यात वेगळी. ती बालवाडीत शिक्षिका होती आणि सत्तरच्या आसपास एका शिबिरासाठी कोसबाडला जाऊन आली. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डीत आणि मग कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे उभं केलं, अंगणातच भरणारी बालवाडी, गुरं राखायला जाणाऱ्या पोरांच्या मागे कुरणात जाणारी शाळा, ते पाहून आत्या भारावून परतली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचं, हे तिला इतकं पटलं, की घरातही तिने फर्मान काढलं: आजपासून कुणी मुलांना 'हे करू नको' म्हणायचं नाही, 'हे कर' म्हणायचं, आणि हात तर उगारायचाच नाही. मोठी काकू विळीवर बसली होती. मान वर न करता म्हणाली, "वन्सं, तुमच्याकडे पोरं चार तास असतात. आमच्याकडे रात्रीची पण असतात."

तरी आत्या हटली नाही. तिने एक केलं: पावसाळ्यातल्या दुपारी, जेव्हा सगळ्यात जास्त धपाटे पडत, तेव्हा ती पोरांना ओसरीवर चिकणमाती, खडू, जुन्या 'चांदोबा'चे अंक घेऊन बसवायची. आठवडाभरात काकू स्वतः विचारू लागली, आज वन्सं लवकर येणार ना? ज्याला आपण मुलांचा वात्रटपणा म्हणत होतो त्यातला अर्धा नुसता रिकामा वेळ होता, हे वाड्याला आत्यामुळे कळलं. उरलेला अर्धा अस्सल वात्रटपणाच होता, याबद्दल मात्र आम्ही आजही ठाम आहोत.

रंगपंचमीचं सांगायला हवं. नाशकात धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी, आणि जुन्या गावात पेशव्यांच्या काळापासूनच्या रहाडी, म्हणजे जमिनीतले दगडी हौद, त्या एका दिवसापुरते उघडतात. तिवंध्याची रहाड पिवळ्या रंगाची. तिच्यात उडी घेण्याला धप्पा म्हणतात. वर्षभर आम्हाला रट्टे घालणाऱ्या मधल्या काकाला त्या दिवशी आम्ही आठ-दहा जण मिळून उचलून धप्पा द्यायचो, आणि तो आपल्याहून लहानांच्या हाती सापडलेल्या माणसासारखा खोटं खोटं गयावया करायचा. हिशेब चुकता झाल्याचं समाधान वर्षभर पुरायचं.

इथवर वाचून कुणाला वाड्यात परत जावंसं वाटत असेल, तर आमच्या ताईचं ऐका. बैठकीत भाऊमंडळी माराची बढाई मारायला लागली की ती पहिल्यांदा हसते, मग गप्प होते, आणि एकदा म्हणाली, "तुम्हाला मार मिळायचा आणि तो संपायचा. आमचं संपायचं नाही." मुलींना आमच्या घरात दहा-बारा वर्षांनंतर कुणी मारलं नाही. त्यांना फक्त वेळा लावल्या. दिवेलागणीच्या आत घरी, खिडकीत उभं राहायचं नाही, जोरात हसायचं नाही, भावाने बटण तोडलं तर लावून द्यायचं, भाऊ गंगेवर गेला तर 'तू लक्ष का नाही ठेवलंस' हे ऐकून घ्यायचं. त्याला पाठीत धपाटा, तिला आठवडाभर बोलणी. तिला सोडवायला दहा जण येत नसत, कारण ती शिक्षा आहे हेच कुणाला वाटत नसे. ती सार्वजनिक वाचनालयातून पुस्तकं आणायची, त्यालाही पुढे 'अंधार पडायच्या आत परत' ही अट लागली. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो. 'किशोर'चे अंक तिने पाठोपाठच्या भावाला पाठवून मागवले. तो निम्म्या वेळा विसरायचा.

डावखुऱ्या भावाचंही असंच. तो कसलीच खोडी काढत नसे. शाळेत डाव्या हाताच्या पेऱ्यांवर पट्टी बसायची, घरी जेवताना डावा हात धरून ठेवला जाई, आणि सोडवणारी आजीच याबाबतीत सगळ्यात कडक होती. तो आता उजव्या हाताने लिहितो, डाव्या हाताने बॅडमिंटन खेळतो, आणि त्याची नात डावखुरी आहे. तिला तो मुद्दाम डाव्या हाताने चित्रं काढून दाखवतो, वाईट काढतो.

आणि मागचं एक बिऱ्हाड. तिथल्या मुलाला त्याचे वडील पट्ट्याने मारायचे. आवाज चौकात यायचा. आजी, जिचा शब्द अख्ख्या वाड्यात चालायचा, ती त्या दाराशी जाऊन थांबायची. "त्यांच्या घरातलं आहे." मालकाने भाडेकरूच्या पोराला सोडवायला जायचं तर त्याला वेगळाच वास येतो, असं आबांचं म्हणणं. एकदाच मोठी काकू कुणाला न विचारता आत गेली आणि मुलाला हाताला धरून आमच्या स्वयंपाकघरात घेऊन आली. तो रात्री आमच्यात जेवला. पुढच्या महिन्यात त्या लोकांनी जागा सोडली. आमच्या बैठकांत "आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?" हे वाक्य कुणीतरी म्हणतंच, आणि ते म्हणायला जे बसलेले असतात त्यांचं खरंच काही बिघडलेलं नसतं. तो मुलगा त्या बैठकीत नसतो.

देशातलं चित्रही त्या मागच्या बिऱ्हाडाच्याच जवळचं निघालं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७च्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. नंतर २००९चा शिक्षण हक्क कायदा आला, तो १ एप्रिल २०१०पासून लागू झाला, आणि त्याच्या सतराव्या कलमाने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. स्वीडनने १९७९ मध्येच घरातलं मारणंही कायद्याने बंद केलं होतं; आपल्याकडे घराच्या उंबऱ्याबाहेर कायदा अजून आजीसारखाच थांबतो. ताईचं मत कायदा आत यावा असं आहे. दादाचं मत आहे की मग पोलिस आधी आईलोकांनाच नेतील. यावर आमचं भांडण मिटलेलं नाही.

वाडा पडला, त्या जागी इमारत आली. ऐंशीच्या दशकात एकेक जण सिडकोत, कॉलेज रोडला, इंदिरानगरला पांगला. दोन खोल्या, दोन माणसं, एक-दोन मुलं. आमच्या मुलांना आम्ही फार कमी मारलं, काहींनी अजिबात नाही, आणि तरी ती पिढी वाढवताना आम्हाला आमच्या आयांपेक्षा जास्त दमायला झालं. कारण साधं होतं. संध्याकाळी सहाला ज्या आईने ओरडायचं, तिनेच सात वाजता जवळ घ्यायचं, आणि मुलाच्या डोळ्यांत ओरडणारी अजून तशीच उभी असायची. वाड्यात हे दोन चेहरे दोन माणसांचे होते. आमच्या आईला समतोल साधता येत होता असं आम्हाला आता अजिबात वाटत नाही. ती एका बाजूला झुकलेली असायची आणि दुसऱ्या बाजूला आजी, काकू, वहिनी, आबा असा सगळा वाडा बसलेला असायचा. फ्लॅटमध्ये तराजूची दोन्ही पारडी एकाच माणसाच्या हातात आली. आमच्यापैकी काहींनी मग मारायचंच नाही असं ठरवून अबोला धरला, आणि दोन दिवसांचा अबोला रट्ट्यापेक्षा जास्त लागतो हे मुलांनी मोठेपणी सांगितलं. काहींनी सगळंच सोडून दिलं आणि त्याला स्वातंत्र्य म्हटलं. पुण्याहून निघणारं 'पालकनीती' मासिक आमच्यातल्या दोघी मागवायच्या. त्यांच्या घरी निदान मुलाला "चुकलं माझं" असं म्हणायची पद्धत सुरू झाली. बरणीवाला भाऊ हे ऐकून म्हणाला, माझ्या काकूलाही वर्गणी भरायला हवी होती.

आता आमची मुलं आईबाप आहेत. एका भाचीचं घर मला विशेष आवडतं. तिचा मुलगा आठ वर्षांचा, हट्टी, बोलका, आणि टॅबपायी रोज एक रण. ती टॅब काढून घेते, ठरलेल्या वेळेपर्यंत देत नाही, कितीही आदळआपट झाली तरी नाही. मारत नाही. पण तिने स्वतःसाठी एक नियम केलाय. आईचा फोन मागून आजीला, म्हणजे आमच्या ताईला, फोन लावायचा म्हणाला तर तो लगेच द्यायचा, आणि तो आजीशी काय बोलतो ते दाराआड उभं राहून ऐकायचं नाही. ताई त्याचं सगळं ऐकून घेते, आईच्या विरोधात एक शब्द बोलत नाही, आणि शेवटी जेवलास का विचारते. परवा त्याने तसाच रागारागाने फोन मागून घेतला. आईविरुद्ध काहीतरी सांगणार म्हणून ताई सावरून बसली, तर त्याने वीस मिनिटं खालच्या मजल्यावरच्या एका मुलाने आपला बॅटरीचा सेल ढापल्याची तक्रार केली आणि आईला फोन परत देऊन टाकला.